सावकाश, स्पष्ट आणि मदतीला तयार

दुपारची जेवणं आटोपली की गडहिंग्लज आडवं व्हायचं. ही गावाची जुनीच सवय. दुकानांची शटरं अर्ध्यावर यायची, चौकातली कुत्री सावली धरायची आणि कुणी फोन केलाच तर पलीकडून आधी जांभई ऐकू यायची. अलीकडे फरक इतकाच पडला होता की लोक आपल्या घरी झोपत नव्हते. उशी काखोटीला मारून ते हिरण्यकेशी भाषा केंद्राकडे निघायचे. तिथल्या लांबरुंद दालनात खाटा मांडलेल्या होत्या, खिडक्यांना निळे पडदे होते. कपाळाला मऊ पट्टी बांधायची, डावी कूस धरायची आणि वामकुक्षीत इंग्रजी शिकायचं. ज्या भाषेनं शाळेत जन्माचा घाम फोडला, ती भाषा ही माणसं आता घोरता घोरता शिकत होती. सूड उगवावा तर असा.

या सगळ्या झोपांमागे शर्वरी शिंत्रे होती. केंद्रातल्या नवशिक्यांच्या अभ्यासक्रमाची उद्दिष्टं ती लिहायची. चाळिशी ओलांडलेली, लग्न न केलेली, अंगानं काटक. बोलायची भरभर, चालायची भरभर आणि समोरच्याचं वाक्य त्याच्याआधी पूर्ण करून मोकळी व्हायची. स्वतः ती दुपारी कधी झोपत नसे. दालनाच्या टोकाशी काचेच्या खोलीत बसून ती पडद्यावरच्या लाटा बघायची. कुठल्या खाटेवर कोण स्वप्नात शिरलं आणि कोण नुसतंच ढाराढूर झोपलंय, ते त्या लाटांवरून कळायचं.

यंत्र दिसायला साधं होतं, पण त्यामागची युक्ती मोठी गमतीची होती. स्वप्न पडत असताना मेंदू जागेपणीच्या गोष्टींची तालीम करत असतो, हे शास्त्रज्ञांना फार आधीपासून ठाऊक होतं. म्हणून पहिल्या यंत्रांनी झोपलेल्या माणसाच्या डोक्यात तयार चित्रं घालून पाहिली. विमानतळ, हॉटेल, टाय लावलेला वेटर. मेंदूनं ती उपरी म्हणून बाहेर फेकली. मग कुणाला तरी सुचलं की चित्रं पाठवायचीच कशाला? नुसता हेतू पाठवावा. पट्टीतून निघणाऱ्या मंद लहरी मेंदूत एवढीच इच्छा जागी करायच्या की पाहुण्याला घर दाखवायचं आहे, किंवा दुकानातून काहीतरी आणायचं आहे. कानाशी इंग्रजी शब्द अगदी हलके वाजायचे. बाकी सगळं, म्हणजे घर, पाहुणा, दुकान, दुकानासमोरचा चिंचेचा पार, मेंदू आपल्याच माळ्यावरून काढून आणायचा. सामान घरचं असल्यामुळे भाषासुद्धा घरची वाटायला लागायची.

आता हेतू कुठले पाठवायचे, हा प्रश्न होता. त्यासाठी जगभरच्या भाषापंडितांनी ठरवलेली एक मोजपट्टी होती. कुठल्या पायरीवरच्या माणसाला काय काय बोलता आलं पाहिजे, हे तिच्यात साध्या वाक्यांत सांगितलेलं असायचं. पहिल्या पायरीवर स्वतःची ओळख करून देता येते, आपण कुठं राहतो ते सांगता येतं, ओळखीच्या माणसांविषयी दोन शब्द बोलता येतात. अभ्यासक्रमातलं प्रत्येक स्वप्न या मोजपट्टीतल्या एकेका वाक्याशी जुळवून घ्यायचं, हे शर्वरीचं काम. जुळवणी पक्की झाली तरच केंद्राला दाखले देता येत. आणि या पहिल्या पायरीच्या वाक्यांखाली एक अट होती. हे सगळं जमतं, पण समोरची व्यक्ती सावकाश, स्पष्ट बोलणारी आणि मदतीला तयार असेल तर.

ही अट म्हणजे शोभेची वस्तू आहे असं सगळ्यांना वाटलं होतं. शर्वरीनंही ती आपली पहिल्या स्वप्नाच्या हेतूत जशीच्या तशी घालून टाकली. मेंदूनं मात्र ती फार मनावर घेतली. हेतू मिळताच तो माळ्यावर चढला आणि शोधायला लागला की आपल्या आयुष्यात असं कोण होतं. सावकाश बोलणारं, स्पष्ट बोलणारं, मदतीला तयार. सापडलं ते माणूस त्यानं हाताला धरून स्वप्नात आणलं. केंद्रात त्या माणसाला सोबती म्हणू लागले.

आणि गावात गोंधळ उडाला. सराफकट्ट्यावरच्या एका भारदस्त गृहस्थांच्या स्वप्नात त्यांची बायको न येता त्यांचा न्हावी आला, आणि ते कळल्यापासून बाईंनी त्यांना ताट वाढणं बंद केलं. एका निवृत्त मुख्याध्यापकांना त्यांच्या वर्गातला सगळ्यात ढ मुलगा इंग्रजी समजावून सांगू लागला. एका सुनेची सोबती म्हणून चक्क सासू निघाली, तेव्हा तर दोन्ही घरांतून मंडळी खातरजमा करायला आली. काहींना आनंदानं रडू फुटलं, काही आठवडाभर गप्प झाले. हळूहळू गावाला एक वेगळीच धास्ती पडली. आपण कुणाच्याच स्वप्नात गेलो नाही तर? बँकेच्या खिडकीतला माणूस पेन्शनवाल्यांना दोनदा समजावून सांगू लागला. रिक्षावाले पत्ता नीट ऐकून घेऊ लागले. गावाच्या बोलण्याचा वेगच उतरला, आणि बाहेरून येणाऱ्याला वाटायचं की इथं सगळेच नुकते झोपेतून उठलेत.

शर्वरीनं पट्टी आधी स्वतःला लावून पाहिली होती. इंग्रजी तिला येत होतं, म्हणून जपानीची पहिली पायरी लावली. स्वप्नात घरचं अंगण आलं. तुळशीशेजारचा दगडी बाक आला, त्यावर दुपारचं ऊन आलं. बाकावर कुणी नव्हतं. ती उभी राहून वाट बघत राहिली आणि तशीच जागी झाली. चाचणीच्या पट्टीत दोष होता असं तिनं सगळ्यांना सांगितलं. पट्टीत काही दोष नव्हता, हे लाटांवरून तिला दिसलं होतं. त्यानंतर तिनं पट्टी पुन्हा कपाळाला लावली नाही.

खाटांच्या ओळीत खिडकीखालच्या खाटेवर तिची आई झोपायची. शालन शिंत्रे. शर्वरीचा भाऊ रणधीर न्यूझीलंडला स्थायिक झालेला, आणि आईनं तिकडं कायमचं यावं अशी त्याची इच्छा होती. त्यासाठी पहिल्या पायरीचा दाखला लागत होता. आईला रणधीरपेक्षा नात हवी होती. रेवा पाच वर्षांची, तिला इंग्रजीशिवाय काही येत नव्हतं. व्हिडिओ कॉलच्या पडद्यावर आजी आणि नात एकमेकींना वेडावून दाखवायच्या, जीभ काढायच्या, कान ओढायच्या, आणि तेवढं झालं की दोघींकडचं संपायचं. मग रेवा इकडंतिकडं बघायला लागायची. आजी बराच वेळ रिकाम्या पडद्याकडे बघत बसायची. हे पाहूनच शर्वरीनं तिला केंद्रात आणलं होतं.

आईच्या लाटा झकास होत्या. इतकं गाढ, इतकं मन लावून शिकणारं दुसरं कुणी दालनात नव्हतं. पण दाखल्यासाठी जागेपणी परीक्षा द्यावी लागे, पडद्यावरच्या परक्या माणसाशी बोलून. पहिल्या परीक्षेत आई नुसती हसत बसली. दुसऱ्या वेळी तिनं नाव सांगितलं आणि ओठ मिटून घेतले ते मिटून घेतले. आता या वर्षातली शेवटची परीक्षा उरली होती. तीही गेली की पुढचं वर्षभर दार बंद, आणि तोवर ती पोरगी पडद्यासमोर यायलाच कंटाळेल असं रणधीरनं स्पष्ट बोलून दाखवलं.

शर्वरी आईवर चिडली. आईला येत नसतं तर ती चिडली नसती. सगळं येत असून ती मुद्दाम बोलत नाही, हे लाटांमध्ये ढळढळीत दिसत होतं. स्वयंपाकघरात भांडी आवरता आवरता तिनं आईला फैलावर घेतलं. आईनं दोनदा तोंड उघडलं आणि दोन्ही वेळा तिचं वाक्य शर्वरीनंच पूर्ण केलं. मग आईनं हातातलं फडकं झटकून वाळत घातलं आणि ती अंगणात निघून गेली.

शर्वरीच्या घाईचा उगम फार लांब नव्हता. तिचे वडील दौलतराव शिंत्रे गावातले नावाजलेले फुटबॉल पंच. या गावात पोरं चालायच्या आधी चेंडूला लाथ मारतात, तिथं पंचाचा दरारा काय असेल ते सांगायला नको. दौलतरावांचा आवाज मैदानाच्या या टोकाहून त्या टोकाला जायचा. घरातही तोच आवाज. मुलं अभ्यासाला बसली की पुढं, पुढं म्हणून मागं लागायचे. सहावीत असताना शर्वरी शाळेच्या शर्यतीत मागं पडली, तेव्हा सगळ्या गावासमोर ते असे ओरडले की ती धावायची थांबून मैदानातच उभी राहिली. त्यानंतर ती त्यांच्याशी कामापुरतं बोलायची. ते गेले, त्याला आता बरीच वर्षं झाली होती आणि ते न बोललेलं तसंच राहून गेलं होतं. पुढं, पुढं मात्र तिच्या अंगात भिनलं. मे महिन्याच्या सुट्टीत पुढच्या इयत्तेचा निम्मा पोर्शन उरकून टाकणाऱ्या शिकवण्यांत ती वाढली, आणि अभ्यासक्रमही तिनं त्याच चालीवर बांधला. पहिल्या पायरीच्या शेवटच्या स्वप्नांमध्ये तिनं सोबत्याला हळूहळू दूर न्यायची सोय करून ठेवली होती. म्हणजे दाखला मिळेपर्यंत माणूस बिनमदतीचा बोलायला शिकलेला. केंद्राच्या पाटीवर त्याची जाहिरातसुद्धा होती. पहिल्या पायरीचा दाखला, दीड पायरीची तयारी.

शेवटच्या परीक्षेचा आठवडा उजाडला, आणि आईनं केंद्रात यायचंच नाकारलं. दुपारी शर्वरी घरी गेली तेव्हा आई तुळशीशेजारच्या बाकावर बसली होती. डोळे उघडे, पण नजर कुठंतरी लांब. शर्वरी भांडायच्या तयारीनंच आली होती. पण आईचा चेहरा बघून तिनं पहिलं वाक्य गिळलं आणि ती शेजारी बसली. का कोण जाणे, बराच वेळ काही बोललीही नाही. कदाचित तेवढ्यामुळेच आई बोलली.

“काल फाटकापाशी उभे होते,” आई म्हणाली. “पायात चपला घालून.”

“कोण?”

“तुझे बाबा. आणि कोण असणार.”

शर्वरीला आधी कळलंच नाही. मग कळलं तेव्हा पटलं नाही. आईचा सोबती कोण हे तिनं कधी विचारलं नव्हतं. आईची कुणी मावशी असेल, शाळेतली मैत्रीण असेल, असं धरून चालली होती. बाबा आणि सावकाश हे दोन शब्द तिच्या डोक्यात एका जागी कधी बसलेच नव्हते. बाबांचं बोलणं चौकात ऐकू जायचं, असं ती म्हणाली.

“ते तुम्हाला. मैदानातल्या पोरांना. मला न्हाई,” आई म्हणाली. “मला मराठी कुठं येत होतं तवा?”

मग आईनं जे सांगितलं ते शर्वरीला अर्धवट माहीत होतं, आणि अर्ध्याची तिनं कधी चौकशी केली नव्हती. शालन संकेश्वरची. म्हणजे याच नदीकाठची, पण सीमेपलीकडची. घरात कन्नड, दारात कन्नड. इकडच्या मोठ्या घरात लग्न होऊन आली, तेव्हा तिला मराठीची चार वाक्यंही धड येत नव्हती. ती तोंड उघडायची आणि घर हसायचं. दुष्टपणानं नाही, गंमत म्हणूनच हसायचं, पण रोज. मग तिनं तोंड उघडणंच सोडलं. दुपारी जेवणं झाली की सगळं घर झोपायचं. तेवढ्या वेळात दौलतराव स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर येऊन बसायचे. तांब्याला हात लावून म्हणायचे, पाणी. चुलीकडं बोट दाखवायचे. सुपाकडं, मिठाच्या बरणीकडं, आभाळाकडं. ती चुकली की पुन्हा म्हणायचे. घाई नाही, हसणं नाही. एकदा सासूबाईंना भर पंगतीत तिच्या बोलण्यावर हसू आलं, तेव्हा पंचानं खिशातून पिवळं कार्ड काढून स्वतःच्या आईसमोर धरलं होतं. सगळी पंगत चिडीचूप झाली, आणि मग सासूबाईच सगळ्यांत मोठ्यानं हसल्या, पण स्वतःला.

“घर झोपलेलं असायचं म्हणून हळू बोलायचे,” आई म्हणाली. “आणि मला कळावं म्हणून सावकाश. तसला आवाज त्यांचा बाकी कुणी ऐकलाच न्हाई. तुम्ही पोरं झाला आणि मला मराठी आलं. मग दुपारी तेपण झोपायला लागले. मी किती वर्षं तो आवाज शोधत होतो, शरू. तुझ्या त्या पट्टीत सापडला.”

त्या भागातल्या बायका बोलतात तशी आई ‘शोधत होतो’ म्हणाली. पंचेचाळीसेक वर्षांत तिची मराठी गावाच्या मराठीत पुरती मिसळून गेली होती. ती शिकवणारा आवाज मात्र तिनं वेगळा ठेवला होता.

पुढचं शर्वरीला न सांगताच उमगलं, आणि या वेळी तिनं वाक्य पूर्ण केलं नाही. ते आईलाच करू दिलं. आई म्हणाली की आधी ते अगदी खेटून बसायचे, मग उंबऱ्यावर गेले, मग अंगणात. जेवढं इंग्रजी नीट यायला लागलं तेवढे ते लांब. परीक्षा पास झाली की फाटकाबाहेर पडणार, हे तिनं ओळखलं होतं.

“रेवाशी बोलायचंय मला. लई बोलायचंय,” आई म्हणाली. “पण मराठी शिकून एकदा ह्यांना घालवलंय मी. दुसऱ्यांदा माझ्या हातानं घालवू काय?”

शर्वरी तशीच उठून केंद्रात गेली. काचेच्या खोलीत बसून तिनं मोजपट्टी उघडली, आणि पाठ असलेली वाक्यं नव्यानं वाचली. पहिली पायरी. त्याखालची अट. ती अट पहिल्या पायरीच्या टोकापर्यंत तशीच होती. सोबत्याला दूर न्या, असं कुठंच म्हटलेलं नव्हतं. उलट, मदत मागता येणं हीच तिथं एक येणारी गोष्ट मानली होती. आपलं बोलणं कळलं नाही, पुन्हा सांगा, सावकाश सांगा, एवढं म्हणता आलं तर तो माणूस त्या पायरीवर पुरता पोचलेला. म्हणजे जगातल्या पंडितांनी नवशिक्याला आधाराचा हक्क दिला होता, आणि तो काढून घेतला होता तिनं. कुणी मागितला नसताना. अर्ध्या पायरीच्या हौसेपायी. तिला स्वतःचीच लाज वाटली, आणि त्याहून जास्त वाईट वाटलं. दालनात किती खाटांवर कोण कोण चपला घालून फाटकाशी उभं असेल, या विचारानं तिला पडद्याकडं बघवेना.

केंद्राचे संचालक हत्तरकी सर म्हणजे साठीचे, तुपात बोट बुडवल्यासारखं बोलणारे गृहस्थ. शर्वरीनं शेवटची स्वप्नं काढून टाकायची म्हटल्यावर त्यांचं तूप थिजलं. दीड पायरीवरच केंद्र चालतं, असं त्यांनी ऐकवलं. निपाणीचं केंद्र नुसती एक पायरी देतं, कोल्हापूरचंही तेवढंच देतं. लोक आपल्याकडं येतात ते वरच्या अर्ध्यासाठी. त्यातून तपासणीची माणसं याच आठवड्यात यायची होती, आणि ऐन वेळी जुळवणी मोडायची म्हणजे हसं करून घ्यायचं. शर्वरी म्हणाली की जुळवणी मोडलेली आधीपासूनच आहे, ती मी मोडलीय आणि आता जोडायला आलेय. त्यांना ते पटलं नाही. ते पाटीविषयी आणखी काही बोलत राहिले.

नेहमीची शर्वरी असती तर तिनं त्यांना बोलू दिलं नसतं. आज ती गप्प बसून ऐकत राहिली. समोरून विरोधच होईना तेव्हा हत्तरकी सरांचं बोलणं आपोआप मंदावलं. त्यांनी चष्मा काढून पुसला, परत घातला, परत काढला. सरही दुपारी चोरून एका खाटेवर पोर्तुगीज शिकतात, हे केंद्रात सगळ्यांना माहीत होतं आणि कुणालाच माहीत नसल्यासारखं होतं.

“माझी आत्या येते,” ते चष्म्याकडं बघत म्हणाले. “लहानपणी मी तोतरा होतो, बाई. माझं वाक्य संपेस्तोवर थांबणारी तेवढी एकच. परवापास्नं उंबऱ्याबाहेर उभी आहे. मला वाटलं, माझंच काही चुकलं.”

त्यानंतर फार चर्चा झाली नाही. शेवटची स्वप्नं काढली गेली आणि तपासणीची माणसं आली तेव्हा त्यांना सगळी जुळवणी चोख सापडली. पाटीवरच्या ‘दीड पायरी’वर रंगाऱ्यानं पांढरा हात मारला. तिथं दुसरं काही लिहायचं सरांना सुचलं नाही, त्यामुळे पाटी तशीच अर्धी कोरी राहिली.

परीक्षेच्या आदल्या दुपारी आई खाटेवर परत आली. शर्वरी काचेच्या खोलीत बसून तिच्या लाटा बघत होती. आत काय चाललंय हे कुठल्याच यंत्राला दिसत नाही. दिसते ती नुसती वरखाली होणारी निळी रेघ. आज ती रेघ इतकी संथ होती की शर्वरीलाच पेंग यायला लागली. आई उठली, तिनं केस नीट केले, पदर सारखा केला आणि काचेपाशी येऊन एवढंच म्हणाली, “चपला काढल्यात.”

दुसऱ्या दिवशीचा परीक्षक तरुण होता आणि घाईत होता. त्यानं पहिलाच प्रश्न असा सुसाट टाकला की दारात उभ्या शर्वरीलाही तो धड कळला नाही. सवयीनं तिची जीभ शिवशिवली, पण परीक्षेत मध्ये बोलायला बंदी होती. आईनं पडद्यासमोर शांतपणे हात उभा केला, मैदानात पंच करतो तसा.

“स्लोली, प्लीज,” आई म्हणाली. “से अगेन.”

परीक्षक थबकला. मग हसला, खुर्चीत मागं टेकून बसला आणि एकेक शब्द वेगळा करून त्यानं तोच प्रश्न पुन्हा विचारला. आईनं नाव सांगितलं. गाव सांगितलं, घरात काय काय आहे ते सांगितलं. तुळशीशेजारच्या बाकाला इंग्रजीत काय म्हणायचं ते आठवेना, तर तिनं त्यालाच विचारून घेतलं. घरात कोण कोण, असं त्यानं विचारल्यावर आईनं मुलगी सांगितली, मुलगा सांगितला, नात सांगितली. शेवटी ती म्हणाली, “माय हजबंड. ही स्पीक्स स्लोली.” परीक्षकानं मान डोलावली आणि पुढचा प्रश्न आणखी सावकाश विचारला.

दाखला आल्यावर रणधीरनं तिकीट काढलं. त्या संध्याकाळी आजी आणि नात पडद्यावर बोलल्या. फार काही नाही. तुझ्या फ्रॉकचा रंग कुठला, तू काय खाल्लंस, तुझा कुत्रा कुठंय. रेवा बोलायला भरधाव होती, आजीनं तिलाही हात दाखवून हळू केलं. पोरीला तो खेळ वाटला. तीही हात दाखवून आजीला थांबवू लागली आणि मग दोघीही थांबत थांबत, एकमेकींना पुरे बोलू देत, पडदा विझेपर्यंत बोलत राहिल्या.

आईला एकच काळजी उरली होती. तिकडं दुसऱ्या पायरीवर चढवतील काय, तिथं हे येतील काय. शर्वरीनं तिला नीट समजावलं. दुसऱ्या पायरीवर सोबती नसतो, हे खरं. पण पहिल्या पायरीवर किती काळ बसावं याला मोजपट्टीत काही बंधन नाही. तिनं पहिल्या पायरीची स्वप्नं भरून एक पट्टी आईच्या पिशवीत ठेवली, साड्यांच्या घडीत. जन्मभर नवशिकी राहिलीस तरी चालेल, असं ती म्हणाली, आणि आईनं तिच्या गालावरून हात फिरवला.

जायच्या आधीची एक दुपार. गाव आडवं झालेलं. आई स्वयंपाकघरात डबे पुसून ठेवत होती. शर्वरी येऊन उंबऱ्यावर बसली. बसल्यावर तिला जाणवलं की ही जागा कुणाची आहे. विचारावं की नाही असं तिला वाटत राहिलं, कारण जे मागायचं ते मागायला तिनं फार उशीर केला होता. याच घरात ती वाढली, जगातल्या लोकांना भाषा शिकवते म्हणून मिरवली, आणि आईच्या तोंडची पहिली भाषा मात्र तिनं ऐकूनही न ऐकल्यासारखी केली होती.

“आई,” ती म्हणाली, “मला कन्नड शिकव.”

आईचा हात डब्यावरच थांबला. या घरात तिला हे कुणी कधी म्हणालं नव्हतं. तिनं लेकीकडं नीट निरखून पाहिलं, थट्टा करतेय की काय म्हणून. मग ती समोर येऊन बसली, भरलेला तांब्या तिनं दोघींच्या मध्ये ठेवला आणि त्याला हात लावला.

“नीरु.”

शर्वरीनं झटक्यात म्हटलं. आईनं मान हलवली आणि पुन्हा म्हटलं, पहिल्यापेक्षा सावकाश. शर्वरीनं पुन्हा म्हटलं. सुपाला, मिठाला, आभाळाला काय म्हणतात, ते त्या एकेक करून घेत गेल्या. सगळं आवाज उतरवून, कारण शेजारपाजार झोपलेला होता. आपल्या आईचा असा आवाज शर्वरीनं याआधी ऐकला नव्हता. आणि हा आवाज आईला कुणी दिला असेल, ते तिला आता विचारावं लागलं नाही. तिचे डोळे भरून आले. आईनं ते पाहिलं, पण धडा थांबवला नाही.

आई गेली. घर रिकामं झालं, केंद्र नेहमीसारखं भरलेलं राहिलं. शर्वरीनं आपल्या हौसेनं कन्नडची पहिली पायरी बांधायला घेतली, मोजपट्टीत होतं तेवढीच, रतीभरही पुढं नाही. बांधून झाल्यावर कुणीतरी ती आधी करून पाहायला हवी होती. खिडकीखालची खाट मोकळी होती. शर्वरीनं पट्टी कपाळाला बांधली, डावी कूस घेतली आणि जरा भीत भीतच डोळे मिटले.

अंगण आलं. तुळस आली, दगडी बाक आला, त्यावरचं ऊन आलं. बाकावर आई बसली होती, मांडीवर तांब्या घेऊन. लेक दिसताच ती सरकून बसली आणि शेजारची जागा तिनं पदरानं झटकली. शर्वरी बसली. आईनं तांब्याला हात लावला आणि शब्द उच्चारला, आणि शर्वरीनं तो कसलीही घाई न करता उच्चारला.

मग तिचं लक्ष स्वयंपाकघराच्या उंबऱ्याकडं गेलं. तिथं चपलांचे दोन जोड काढून ठेवले होते. एक आईचा होता. दुसरा मोठा, टाचेशी झिजलेला, मैदानातली तांबडी माती लागलेला. आतून कुणाचा आवाज येत नव्हता. कुणीतरी आत बसून, त्यांचा धडा पुरा व्हायची वाट बघत होतं.